कॅन्ससचा बाक

(दृश्य: काचेमागे दोन पिवळट कागद. कॅमेरा हळूहळू जवळ.)

टाइप केलेली दोन पानं, बास्केटबॉलचे पहिले तेरा नियम. जेम्स नेस्मिथनं डिसेंबर १८९१ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुण संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत लिहिले. हिवाळ्यात जिममध्ये कोंडलेल्या अठरा पोरांना काहीतरी खेळायला हवं होतं. लहानपणी कॅनडात तो 'डक ऑन अ रॉक' खेळायचा, आपल्या लगोरीच्या जवळपासचा खेळ. मोठ्या दगडावरचा दगड लांबून पाडायचा. सपाट, जोरात फेकलात आणि नेम चुकला, तर आपला दगड लांब जातो नि तो आणेपर्यंत गडी बाद. कमानीत, अलगद टाकलात तर जवळच पडतो. टोपली डोक्याच्या वर टांगायचं डोकं तिथलं. सज्जाचा कठडा योगायोगानं दहा फुटांवर होता. आजही रिंग दहा फुटांवरच असते.

(दृश्य: तिसऱ्या नियमावर फोकस.)

चेंडू घेऊन धावायचं नाही, पकडला तिथूनच फेकायचा. ड्रिबलचा, म्हणजे चेंडू आपटत पुढे नेण्याचा, पत्ता नाही. पाचव्या नियमात खांद्यानं ढकलणं, धरणं, पाय घालून पाडणं बंद. दुसरा फाउल झाला की पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसायचं. बाराव्या नियमात पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो.)

१८९८ मध्ये नेस्मिथ लॉरेन्सला, कॅन्सस विद्यापीठात आला. व्यायामशिक्षण आणि प्रार्थनासभा, दोन्ही त्याच्याकडे. ३ फेब्रुवारी १८९९ ला पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वायएमसीएशी, १६-५ नं हार. इथला प्रशिक्षक म्हणून त्याचे एकूण ५५ विजय, ६० पराभव. हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असं त्याचं म्हणणं. त्याचाच विद्यार्थी फॉरेस्ट ॲलनला ते पटलं नाही, आणि इथला सगळा इतिहास त्या न पटण्यातून निघाला.

आवाज भोंग्यासारखा, म्हणून 'फॉग' ॲलन. १९२७ मध्ये नियम समितीनं ड्रिबल एका टप्प्यापुरतं मर्यादित करायचं ठरवलं. ॲलननं देशभरचे प्रशिक्षक एकत्र केले, निर्णय फिरवला आणि त्यातून प्रशिक्षकांची संघटना उभी राहिली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल यावं म्हणूनही तोच झटला. त्याच्या बाकावरून ॲडॉल्फ रप उठला आणि केंटकी विद्यापीठाचा संघ घडवला, डीन स्मिथ उठला आणि नॉर्थ कॅरोलायनाचा घडवला. थेट नेस्मिथकडून शिकलेल्या जॉन मॅकलेंडनला काळा म्हणून विद्यापीठाच्या संघात जागा नव्हती; जलद चढाईचा खेळ त्यानं दुसरीकडे जाऊन घडवला.

(दृश्य: ॲलन फील्डहाऊस, बाहेरून, संध्याकाळ.)

१ मार्च १९५५ ला ही इमारत खुली झाली, ॲलन अजून प्रशिक्षक असताना त्याच्याच नावानं. २०२४ पर्यंत आत १६,३०० माणसं बसायची. पुढच्याच वर्षी सत्तरी गाठली म्हणून त्याला निवृत्त केलं. ज्याला त्यानं फिलाडेल्फियाहून आणला तो सात फुटी विल्ट चेंबरलेन विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळला दुसऱ्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली. १९५७ च्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनानं त्याच्याभोवती तीन-तीन माणसं उभी केली आणि खेळ मुद्दाम संथ ठेवला. तीन जादा डाव झाले. ५४-५३, एका गुणानं हार.

(दृश्य: सॅन अँटोनिओ, ७ एप्रिल २००८. घड्याळ, २:१२.)

इथे थांबूया. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना, उरली दोन मिनिटं बारा सेकंदं. प्रशिक्षक बिल सेल्फचा कॅन्सस संघ ५१, मेम्फिस ६०. उपाय जुनाच, पण हातात तेवढाच होता: मुद्दाम फाउल करायचा, घड्याळ थांबवायचं आणि समोरच्याला फ्री थ्रोला, म्हणजे एकेका गुणाच्या मोकळ्या फटक्याला, उभं करायचं. मेम्फिसनं शेवटच्या पाचातले चार चुकवले. १०.८ सेकंदं उरली तेव्हा मेम्फिस ६३, कॅन्सस ६०. इथे मेम्फिसनं काय करायचं? तीन गुणांचा फटका सुटण्याआधीच फाउल करायचा, म्हणजे कॅन्ससला फार तर दोनच मिळतात. प्रयत्न झालाही. कॅन्ससचा शेरॉन कॉलिन्स धक्क्यानं अडखळतो, शिट्टी वाजत नाही. तोल जाता जाता चेंडू जोडीदार मारियो चामर्सच्या हातात. मेम्फिसचा डेरिक रोझ अंगावर येतो, पण अर्धा हात कमी पडतो.

(दृश्य: संथ गतीत. आवाज नाही.)

तीन गुणांचा फटका आत, ६३-६३. उरले २.१ सेकंद. जादा वेळेत कॅन्सस ७५-६८ नं विजेता. मेम्फिसचा तो हंगाम पुढे नोंदीतून पुसला गेला, हा फटका मात्र जागच्या जागी आहे.

(दृश्य: २०२२, न्यू ऑर्लिन्स.)

पुन्हा अंतिम सामना. मध्यंतराला कॅन्सस पंधरानं मागे, शेवटी ७२-६९ नं विजय. समोर पुन्हा नॉर्थ कॅरोलायना. २०२३ मध्ये नियमभंगाच्या प्रकरणात कॅन्ससचे २०१७-१८ चे पंधरा विजय आणि फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांतलं स्थान, रद्द झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेल्फनं कॅन्ससमधल्या विजयांत ॲलनला मागे टाकलं: ५९१.

(दृश्य: प्रेक्षागृह. कॅन्ससच्या चाहत्यांचा 'रॉक चॉक, जेहॉक' घोष सुरू होतो.)

हा घोष सामन्याआधी, आणि पुन्हा विजय पक्का झाल्यावर, मुद्दाम संथ लयीत. इमारतीवर नाव ॲलनचं, खाली लाकडी मैदानावर नेस्मिथचं.