गणित सोडवताना नजर कुठे जाते

श्रोतेहो, पाव वर्तुळाची एक आकृती डोळ्यांसमोर आणा. तिच्यात एक आयत आहे. त्याचा एक शिरोबिंदू वर्तुळकेंद्रावर आणि समोरचा कंसावर आहे. त्रिज्या 10 सेंटीमीटर आहे. उरलेले दोन शिरोबिंदू जोडणारा कर्ण काढून त्याची लांबी विचारली आहे. पुष्कळ विद्यार्थी लगेच पायथागोरसचा सिद्धांत मांडतात आणि बाजूंची मापे दिलेली नाहीत, म्हणून तिथेच अडून बसतात. काहींना मात्र आकृतीत न काढलेला दुसरा कर्ण दिसतो. तो केंद्रापासून कंसापर्यंत जात असल्यामुळे त्रिज्येइतकाच असतो, आणि आयताचे कर्ण समान असल्याने उत्तर 10 सेंटीमीटर येते. आवश्यक ते गुणधर्म दोघांनाही पाठ असतात. फरक पडतो तो समोरची माहिती ग्रहण करण्याच्या सवयीत, आणि या सवयीलाच बोधात्मक शैली म्हणतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्मन विट्किन अंधाऱ्या खोलीत तिरप्या चौकटीतली दांडी सरळ उभी करायला सांगत. चौकटीच्या कलाने ज्यांची दांडी कलते ते क्षेत्रावलंबी आणि चौकटीला न जुमानता जे ती उभी करतात ते क्षेत्रनिरपेक्ष, अशी त्यांची मांडणी होती. क्षेत्रनिरपेक्ष विद्यार्थी गणितात सरस ठरल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. क्षेत्रनिरपेक्षता गुंतागुंतीच्या आकृतीत दडलेला साधा आकार शोधायला सांगूनही तपासतात. पण असा आकार शोधता येणे ही शैली नसून क्षमताच आहे, हा यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. जेरोम केगन यांनी चिंतनशील आणि उतावळे असा आणखी एक भेद दाखवला; परीक्षेतल्या घाईच्या चुका तपासताना तो उपयोगी पडतो.

याहून मोलाचे काम मेरी हेगार्टी आणि मारिया कोझेव्हनिकोव्ह यांचे आहे. त्यांच्या 1999 च्या अभ्यासातले एक उदाहरण असे: 15 मीटर सरळ वाटेच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये दर 5 मीटरवर झाड लावले, तर झाडे किती? 15 भागिले 5 करून 3 म्हणणारा विद्यार्थी चुकतो, कारण अंतरे तीन असली तरी झाडे चार होतात. त्यांना असे आढळले की, माणूस, झाड, वाट यांचे हुबेहूब चित्र मनात रंगवणाऱ्या मुलांना त्या चित्राचा उपयोग होत नाही. उलट रेघ ओढून तिच्यावर खुणा करणारी, म्हणजे केवळ संबंध रेखाटणारी मुले अधिक यशस्वी ठरतात. म्हणून ‘हा चित्रातून शिकणारा मुलगा’ एवढे म्हणून भागत नाही. तो चित्रात नेमके काय काढतो, हे वहीत डोकावून पाहावे लागते.

शैलीनुसार मुलांचे गट पाडून वेगवेगळे शिकवावे, या कल्पनेला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये काढला. त्यामुळे समीकरणाने उत्तर काढणाऱ्या मुलीला तेच उदाहरण आकृतीने, आणि आकृतीवर विसंबणाऱ्या मुलाला ते अक्षरे वापरून सोडवायला सांगावे, हेच मला अधिक सयुक्तिक वाटते. पाव वर्तुळाच्या उदाहरणात तर काढलेला कर्ण पुसून आकृतीत आणखी कोणत्या रेषा काढता येतील, एवढा एक प्रश्न विचारला, तरी अडलेल्या पुष्कळ मुलांना ती त्रिज्या सापडते.