फरशीखालची पावलं

नमस्कार श्रोतेहो. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सिमेंटचा एक पट्टा आहे. तो ओला असताना रात्री कुठलंसं कुत्रं त्यावरून चालत गेलं. सकाळी गवंडी चडफडला, पण तोवर सिमेंट धरलं होतं. कुत्रं कधीच गेलं, पावलं तेवढी आहेत. लोदच्या उत्खननाबद्दल वाचलं तेव्हा मला आधी तेच कुत्रं आठवलं.

लोद हे इस्रायलमधलं जुनं गाव, तेल अवीवजवळचं. रोमन अमलात त्याला डायोस्पोलिस म्हणत. 1996 साली तिथे रस्ता रुंद करायचं निघालं, म्हणून पुरातत्त्व खात्याने आधी खणून पाहिलं. पुरुषभरही खाली जावं लागलं नाही. सुमारे 1,700 वर्षांपूर्वीच्या कुणा धनिकाच्या घरातली मोझेकची जमीन लागली, जवळजवळ 180 चौरस मीटर. आपल्या हिशेबात 1,900 चौरस फुटांच्या वर, म्हणजे शहरातले दोन-तीन फ्लॅट आरामात बसतील!

मोझेक म्हटलं की आपल्याला जुन्या घरांतल्या ठिपक्यांच्या टाइल्स आठवतात. हे तसलं नव्हे. नखाएवढे दगडाचे तुकडे, रंग पारखून एकेक बसवलेले. त्यात हत्ती आहे, जिराफ आहे, गेंडा आहे. डोंगरांवर समोरासमोर सिंह आणि सिंहीण. एका भागात समुद्र, मासेच मासे आणि त्यात दोन जहाजं. आणि हे सगळं टिकलं कशामुळे, तर घर पडलं म्हणून. कच्च्या विटांच्या भिंती रंगवलेल्या गिलाव्यासकट जमिनीवर कोसळल्या आणि त्या ढिगाऱ्याने तिला पांघरूण घातलं.

लोकांना ती थोडे दिवस दाखवली, हजारोंनी गर्दी केली. मग? मग पुन्हा माती लोटली. जतनाला पैसा नव्हता. ऐकायला वाईट वाटतं, पण मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. उघड्यावर ऊनपावसात ठेवण्यापेक्षा माती बरी. तिने आधीची सतराशे वर्षं सांभाळलंच होतं की. देणगी मिळाली आणि 2009 साली ती परत उघडली.

आता खरी गंमत. अशी जमीन उचलायची तर चित्रावर कापड चिकटवतात आणि खालच्या चुन्यापासून ती सोडवून घेतात. तशी ती सोडवली, तर खालच्या थरावर कारागिरांनी कोरलेल्या रेघा निघाल्या. कुठला तुकडा कुठे बसवायचा, त्याची आखणी. आणि त्या रेघांच्या आसपास माणसांची पावलं. काही अनवाणी, काही वहाणांची.

आपल्याकडे कोबा घालताना चोपण्याने चोपतात. इथे गड्यांनी ओला चुना पायांनीच तुडवून बसवला असावा, असा जतन करणाऱ्यांचा अंदाज. पण त्या पावलांवर लगेच खडे बसले आणि ती झाकली गेली. मालकाने पाहिली नाहीत, त्याच्या पाहुण्यांनीही नाहीत. आणखी एक गोष्ट मला राहून राहून जाणवते. त्या भल्यामोठ्या चित्रात इतकी जनावरं, इतके मासे, पण माणूस एकही नाही. जहाजांवरसुद्धा नाही. माणसं होती ती खाली, चुन्यात.

पुढे ही जमीन न्यूयॉर्क, पॅरिस अशी फिरून आली आणि 2022 पासून लोदमध्येच, जिथे सापडली त्याच जागी बांधलेल्या संग्रहालयात आहे.

त्या पावलांची मापंही घेतली होती. युरोपातल्या नंबरांनी 44, 42, 37 आणि 34. पहिले दोन बाप्यांचे, उघडच आहे. 34 म्हणजे आपल्या चपलांच्या दुकानातला साधारण दोन नंबर. एखादी लहान चणीची बाई असेल. पण आमच्या घरात तो नंबर चौथीतल्या पोराला लागतो.