पेंग्विनकडे जाताना

(दृश्य: रविवार सकाळ. भायखळा पूर्व. तिकीटखिडकीपुढची गर्दी.)

रविवारची सकाळ. भायखळा स्टेशनाच्या पूर्वेला उतरलेली माणसं एकाच दिशेनं निघालीयत. खांद्यावर पोर, हातात पाण्याची बाटली. फाटकातून आत पाऊल पडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पेंग्विन कुठे आहेत?"

सुरक्षारक्षक न बोलता बोट दाखवतो. एव्हाना त्याला शब्द वापरायची गरज उरलेली नाही.

पाटीवर नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुंबईकराच्या तोंडी मात्र राणीची बाग, घाईत असेल तर राणीबाग. ही राणी म्हणजे व्हिक्टोरिया. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते बाग खुली झाली. त्याच दिवशी त्यांचे पती, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर, यांनी शेजारच्या संग्रहालयाची पायाभरणी केली. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावानं ओळखलं जातं. ते उभं राहिलं ते नाना शंकरशेट, डेव्हिड ससून, जमशेटजी जीजीभॉय अशा शहरातल्या धनिकांच्या देणग्यांतून. म्हणजे लोकांच्या खिशाशी या जागेचं नातं पहिल्या दिवसापासूनचं.

सुरुवातीला ही बाग झाडांची होती. पिंजरे नंतर आले.

(दृश्य: संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती. सांधे जवळून.)

हा हत्ती बघा. घारापुरीला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटलं ते याच्यामुळे. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते जोडून त्याला इथे उभा केला. काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, तोही १९६५ मध्ये इथेच आला. चौकात नकोशा झालेल्यांना राणीबागेनं नेहमीच जागा दिली, असं म्हणायला हरकत नाही.

(दृश्य: पेंग्विन कक्षाची काच. काचेला चिकटलेले लहान हात.)

जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून ८ हम्बोल्ट पेंग्विन आले. हे बर्फातले नव्हेत. यांचं घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, थंड समुद्रप्रवाहाच्या कडेला. तरी मुंबईचा उकाडा त्यांना झेपणारा नाही, म्हणून काचेआड चोवीस तास वातानुकूलन. ऑक्टोबरमध्ये त्यांतला एक दगावला आणि शहरात वादळ उठलं. पेंग्विन हवेच कशाला होते, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला, आणि तो चुकीचा नव्हता. मार्च २०१७ मध्ये कक्ष खुला झाला आणि प्रश्न रांगेत हरवला.

त्याच वर्षी ऑगस्टपासून तिकीट वाढलं. मोठ्यांचे ५ रुपये होते ते ५० झाले, मुलांचे २ होते ते २५. आई, वडील आणि दोन मुलं मिळून १००. दहापट वाढ म्हणून लोक चिडले, कुरकुरले, आणि तरीही आले. २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली, तेव्हा आणखी आले. सुट्टीच्या दिवशी या शहरात शंभराच्या नोटेत चार माणसं दुसरीकडे कुठे जाऊ शकतात?

हा झाला बागेला लोकांचा दिसणारा पाठिंबा. दुसरा दिसत नाही, कारण तो रांगेत उभा नव्हता.

(दृश्य: पहाटेचा उजेड. झाडांखालून चालणारी माणसं.)

२००७ च्या सुमारास महापालिकेनं आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाचा आराखडा पुढे आणला. खर्च चारशे कोटींच्या वर. रोज फिरायला येणाऱ्यांच्या आणि वनस्पतींच्या अभ्यासकांच्या लक्षात आलं की यात झाडांचं काय, ते कुणी नीट सांगतच नाहीये. झाडं वाचवायच्या कामात बायका पुढे होत्या. त्यांनी घोषणांपेक्षा याद्यांवर भर दिला. कुठलं झाड, कुठे उभं, किती दुर्मीळ. लोकांना हाताला धरून झाडं दाखवली. वारसा समितीपुढे अर्ज, सुनावण्या, पुन्हा अर्ज. कंटाळवाणं काम. मूळ आराखडा अखेर जसाच्या तसा राबवला गेला नाही. बाग बदलली, पण उखडली गेली नाही.

(दृश्य: कैलासपतीच्या खोडावरची फुलं. मग उर्वशीचे झुबके.)

इथे तीन हजारांहून अधिक झाडं आहेत. कैलासपतीची फुलं फांदीवर नाही, थेट खोडावर फुलतात. फुलात पिंड आणि तिच्यावर नागाचा फणा दिसतो म्हणून हे नाव. हा दक्षिण अमेरिकेचा, आपल्या देवळांत रुळलेला. आफ्रिकेची गोरखचिंच, जाड बुंध्याची, पानं झडली की उलटी रोवल्यासारखी दिसणारी. आणि म्यानमारची उर्वशी. तिचे लाल-पिवळे झुबके खाली लोंबतात, म्हणून बघणाऱ्याला मान वर करावी लागते. वाघ झोपलेला असू शकतो, पेंग्विन पाठ फिरवू शकतात. उर्वशी बहरात असली की तिकीट वसूल.

भायखळा या नावातही म्हणे झाड आहे: बहाव्याजवळचं खळं, म्हणून भायखळा.

(दृश्य: पुन्हा पेंग्विन कक्षाबाहेरची रांग. दुपार.)

दुपारचे बारा. रांग तसूतसूनं सरकतेय. एक मुलगा विसाव्यांदा विचारतो, "आला का नंबर?" आजी पदरानं वारा घेत तिथेच कट्ट्यावर टेकते. ऊन डोक्यावर आलंय, पण एवढ्या मोठ्या रांगेत एकानंही छत्री उघडलेली नाही.