चोपणं हातात धरलेला माणूस

मंडळी, नमस्कार. मंडळाच्या अध्यक्षांनी दहा मिनिटं दिली आहेत. आमच्याकडे तेवढी नुसती ‘कधी इलंस, कधी जातलंस’ला लागतात, तरी प्रयत्न करतो.

विषय आमच्या देवगडकडच्या वाडीच्या क्रिकेट क्लबाचा. स्मरणिकेत त्याचा जुना फोटो छापलाय. मूळ फोटो घरी भिंतीवर आहे. परवा माझी लेक दोन्ही ताडून बघत होती. म्हणाली, “बाबा, इथे कडेला एक माणूस आहे, हातात लाकडाचं काहीतरी धरलेला. छापताना त्याला का कापलं?” म्हटलं, पानात बसत नव्हता. “मग तुला का नाही कापलं? तू तर शून्यावर आउट व्हायचास!” हे तिला कोणी सांगितलं ते समोर तिसऱ्या रांगेत बसलेलं आहे.

तसं ते खरंच. मी बॅटिंगला निघालो की समालोचक माइकवरून पुढच्या टीमला तयार राहायला सांगायचा. तरी टीममध्ये होतो, कारण मुंबईहून बॉल मी आणायचो.

क्लब निघाला तोच मुंबईत, परळच्या गावकीच्या खोलीत. गिरणीची पाळी संपवून आलेले चाकरमानी, महिन्याची वर्गणी, ट्रंकेत स्टंप. खेळ मात्र मे महिन्यात गावी, सुरुवातीला पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर. स्पर्धेचा दिवस तिथी बघून ठरायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमारास सुकती, ओहोटी. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत पुळण आपली. पौर्णिमेला मात्र सव्वाअकराच्या सुमारास पाणी चढतं. एका वर्षी मुंबईकरांनी रविवार बघून दिवस ठरवला आणि फायनल घोटाभर पाण्यात खेळली. बक्षीस बोकड. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांनाही जेवायला घालायचं अशी रीत. घालायचे, पण सगळे एका पंगतीत नसायचे. आठवणी सांगताना हे वाक्य आपण गाळतो.

पुढे स्पर्धा भाताच्या मळ्यात आली. ढेकळं फोडून, पाणी मारून, खळं करतात तसं पीच लाकडी चोपण्यानं चोपायचं. ते काम त्या फोटोतल्या माणसाचं. पहाटे काळोखात ठप ठप ऐकू यायचं, त्यावर आम्ही कूस बदलायचो. मॅच सुरू झाली की तो बांधावर बसायचा. त्याची वाडी वेगळी होती. एवढं म्हटलं की तुम्हा सगळ्यांना कळतं. लेकीला मात्र उलगडून सांगावं लागलं, आणि तिची आई चिडली, ‘जेवताना हे कशाला?’ त्यावरून मग रात्री उशिरापर्यंत वाजलं.

मी लेकीला जुन्या काळातले क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांची गोष्ट सांगितली. चर्मकार समाजातले, आडनाव आपल्या कोकणातल्या गावाचं. पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करायचे आणि नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास बोलिंग टाकायचे. बॅटिंग साहेबांनी करायची. तेव्हा टीम धर्मावरून असायच्या. हिंदूंच्या टीमला त्यांची डावखुरी फिरकी हवी होती, चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ विकेट काढल्या. तरी हिंदूंच्या टीमचं कर्णधार त्यांना कधी केलं नाही. तो मान त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला, तोही १९२३ साली.

लेक म्हणाली, “म्हणजे ११४ विकेट काढल्या की फोटोत राहता येतं?”

यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून प्रश्न तुमच्याकडे सरकवतोय. आपल्या मंडळाच्या टीमचंच बघा. नवा मुलगा आला की आपण गाव विचारतो. मग आडनाव. आडनावावरून पुरतं समाधान झालं नाही की ‘वाडी कुठली?’ एवढी चौकशी त्याच्या बॅटिंगची केली असती तर गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत घरी आलो नसतो. हसा, पण निवड समितीतली मंडळी हसताना जरा इकडेतिकडे बघतायत ते मला इथून दिसतंय.

यंदा गावी तीन वाड्यांची मिळून एकच टीम उतरली. एकच जर्सी, एकच समालोचक, जेवणही एकत्र. फोटो बघून मला भरून आलं, लगेच भावाला फोन लावला. तो म्हणाला, “अरे, एका वाडयेत अकरा झील गावतत खंय?” घरांना कुलपं, पोरं मुंबई-पुण्याला, उरलेली आपल्यासारखी इथे. ही पोरं एकत्र आली ती समजून की माणसं कमी पडली म्हणून? उद्या प्रत्येक वाडीत अकरा भरले, तर पुन्हा तीन टीम होतील का? भावाला विचारलं. तो म्हणाला, “पाऊस तोंडार इलो हा, कौलां परतूक माणूस गावणा नाय. तां आधी बघ.”