आप्पा, तुम्ही कुठं कुठं काम केलं?

[दृश्य : भुसावळ जंक्शन, रात्र. मुंबईकडे जाणारी गाडी.]

भुसावळहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत मांडीवर फायलींची पिशवी घट्ट धरून बसलेली माणसं दिसतात. त्यांना परळला, टाटा हॉस्पिटलात जायचं असतं. जागा मिळाली तर मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. दवाखान्याचा दाखला दाखवला की कर्करुग्णाला स्लीपरचं भाडं माफ असतं आणि सोबत्यालाही सवलत मिळते. अनेकांना हे दोन-चार खेपा झाल्यावर कळतं.

एखाद्या फायलीवर लिहिलेलं असतं : मेसोथेलिओमा. फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा हा कर्करोग बहुतेक वेळा अॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या धुळीमुळे होतो. धूळ शरीरात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत २० ते ४० वर्षं जातात, कधी त्याहूनही जास्त. तोवर नोकरी संपलेली असते आणि ठेकेदाराचा पत्ता कुणालाच ठाऊक नसतो.

घरी सुरुवातीला एवढंच म्हणतात, "आप्पांना दम लागतो. छातीत पाणी झालंय." पाणी काढतात, ते पुन्हा भरतं. पहिला संशय टीबीचा येतो आणि तो रास्तच आहे, कारण आपल्याकडे टीबी फार आहे. पण टीबीची औषधं घेऊनही पाणी भरतच राहिलं, तर आवरणाचा तुकडा काढून तपासायलाच हवा.

डॉक्टर विडी-तंबाखूचं विचारतात. घरचेही विडीवरूनच बोल लावतात. मेसोथेलिओमा विडीमुळे होत नाही. हे आप्पांच्या कानावर घालणं हासुद्धा उपचारच आहे, असं आम्हाला वाटतं. विचारायला हवं ते वेगळंच : आप्पा, तुम्ही कुठं कुठं काम केलं?

[दृश्य : वही, पेन, जुना गेटपास.]

वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरभोवती अॅस्बेस्टॉसचा थर असे. जुन्या वीजकेंद्रांत गरम पाइपांवर त्याचंच वेष्टण असायचं. गाड्यांच्या ब्रेकमध्ये आणि सिमेंटच्या पत्र्यांतही ते वापरलं गेलं. ज्यांनी ते खरवडलं, कापलं, भोकं पाडली, त्यांच्या छातीत ते गेलं. त्यांचे धुळीने माखलेले कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांच्याही छातीत गेलं. म्हणून माय आजारी असेल, तर तिच्या नवऱ्याचं कामही विचारा.

उत्तर वहीत लिहून ठेवा. वर्ष, जागा, हातातलं काम, ठेकेदाराचं नाव. पगाराची चिठ्ठी, पीएफचा नंबर, ईएसआयचं कार्ड, जे सापडेल ते जोडा. काहीच नसेल तर सोबत काम केलेल्यांचं लेखी म्हणणं घ्या, ते हयात आहेत तोवरच. आप्पा बोलू शकतात तोवरच.

ही वही दाव्याला लागते. अॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा कामगार भरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजार मानले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं, की अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांतलं जे उशिरा संपेल तोवर जपावी. ती नोंद मागणं हा कामगाराचा हक्क आहे.

घरात मात्र रोजचा प्रश्न श्वासाचा असतो. खान्देशातला मे महिना, वर तापलेला पत्रा. आडवं झोपवण्यापेक्षा उशा लावून टेकून बसवा. छोटा पंखा थेट चेहऱ्यावर धरा. वारा लागला की घुसमट खरोखर कमी होते. पाणी वारंवार भरत असेल तर ते पुन्हा साठू नये यासाठीही उपाय आहेत, ते डॉक्टरांना विचारा. दुखणं आणि दम दोन्हींवर डॉक्टरांच्या सल्ल्याने मॉर्फीन देता येतं. "आता काही उरलं नाही म्हणून देतात" या भीतीने ते नाकारलं जातं, आणि माणूस विनाकारण तळमळत राहतो.

एक गोष्ट बोलायला जड आहे, तरी सांगतो. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला भरला जाताना त्यावर आजाराचं नाव येतंय का ते पाहा. नुसतं "श्वास बंद पडला" असं लिहिलं, तर मागे राहिलेल्या बाईचा भरपाईचा दावा लंगडा पडतो. तपासणीचा रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा आणि मेसोथेलिओमा हा शब्द लिहून मागा.