वेटिंग लिस्टवरचे देश आणि युरोपचं डिफेन्स

मंडळी, डिफेन्स प्लॅनिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रणगाडे नि मिसाईलच येतात, पण युरोपात खरी डोकेदुखी रुळांची आहे. युरोपियन युनियनच्या वेटिंग लिस्टवर असलेल्या युक्रेन आणि मोल्दोवात रेल्वे १५२० मिलिमीटरच्या गेजवर धावते, पलीकडे पोलंड-रोमानियात १४३५, म्हणजे बॉर्डरवर माल उतरवा, दुसऱ्या गाडीत चढवा, नाहीतर डब्यांची चाकंच बदला. मिरजेत एकेकाळी तीन-तीन गेज होते, तिथल्या जुन्या माणसांना हा ताप वेगळा सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबरात युक्रेनमध्ये चोप ते उझहोरोद युरोपियन गेजची लाईन सुरू झाली, लांबी किती, तर २२ किलोमीटर!

आता हे रूळ जुळवायचं काम युनियनची मेंबरशिप मिळाल्यावर करायचं म्हटलं तर तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार. युक्रेन, मोल्दोवा २०२२ च्या जूनपासून कॅन्डिडेट, म्हणजे मेंबरशिपच्या अधिकृत रांगेत आहेत, पण प्रत्येक पायरीला सगळ्या मेंबरांचा होकार लागतो आणि हंगेरीने २०२५ मध्ये युक्रेनची वाटाघाटीच अडकवून ठेवली. रूळ, पूल, तोफगोळ्यांचा साइज, रडारचा डेटा, हे तोवर थांबवायचं का? माझ्या मते अजिबात नाही. युनियनच्या करारातलं ४२.७ कलम, म्हणजे एकावर हल्ला झाला तर बाकीच्यांनी मदतीला धावायचं, ते मेंबरांपुरतंच राहू द्या, पण प्लॅनिंगच्या टेबलावर खुर्ची आधीच द्या.

थोडीफार दिलीय म्हणा. २०२५ च्या मे महिन्यात 'सेफ' नावाची १५० अब्ज युरोची कर्जयोजना आली, कर्ज मेंबरांनाच, पण एकत्र खरेदीत कॅन्डिडेट देश येऊ शकतात, आणि किमान ६५ टक्के सुटे भाग युरोपातले हवेत या अटीत युक्रेनचा मालही घरचाच धरला जातो. यात उपकार वगैरे काही नाही हां. डेन्मार्कने २०२४ मध्ये युक्रेनच्याच कारखान्यांना पैसे देऊन १८ बोहदाना तोफा तिथल्या सैन्यासाठी बनवून घेतल्या. आणि पोलंडमध्ये रशियन ड्रोन घुसली तेव्हा ती पाडायला एफ-३५ सारखी महागडी लढाऊ विमानं उडवावी लागली, स्वस्तातलं ड्रोन स्वस्तात कसं पाडायचं हे युक्रेनवाले रोज रात्री करतायत, मग शिकायचं कुणी कुणाकडून?

मोल्दोवाची गोष्ट निराळी. घटनेतच तटस्थता लिहिलेली, सैन्य लहानसं, ट्रान्सनिस्ट्रिया या देशातल्याच फुटीर पट्ट्यात रशियाचे साधारण दीड हजार सैनिक आणि कोबास्नाला सोव्हिएत काळातल्या दारूगोळ्याचं भलंमोठं कोठार. तरी युरोपियन युनियनशी सुरक्षा भागीदारीचा करार सगळ्यात आधी याच देशाने केला, मे २०२४ मध्ये. त्यांना रणगाडे नकोत, आकाशात काय उडतंय ते दिसायला हवं, आणि ते दिसलं तर शेजारच्या रोमानियालाही फायदाच.

पण सरसकट सगळ्यांना आत घ्या असं मी म्हणत नाही. सर्बिया २०१२ पासून रांगेत आहे, रशियावर निर्बंध लावायला तयार नाही, एअर डिफेन्सची सिस्टिम चीनची घेतली, आता त्यांच्यासमोर रडारचे नकाशे पसरायचे? खुर्ची वागणुकीवर मिळावी, रांगेतल्या नंबरावर नको.

तुर्की राहिला ना? १९९९ पासूनचा कॅन्डिडेट, नाटोतलं दुसऱ्या नंबरचं सैन्य, ड्रोन कंपन्या जोरात, आणि समोर ग्रीस-सायप्रस हे मेंबर नाही म्हणायला बसलेले. ते प्रश्नोत्तरांत घेऊ, सायप्रसपासून सुरू केलं तर आपला चहा इथेच गार होईल.