खबर फुटली, संशय वंशावळीवर

श्रोतेहो, नमस्कार.

१४ डिसेंबर १९७१. ढाक्यातल्या शरणागतीला अजून दोन दिवस होते. मुंबईत ब्लॅकआउट होता, खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटवलेले होते आणि भोंगा वाजला की दिवे मालवायचे हे शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं. त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत जॅक अँडरसन या स्तंभलेखकाचा मजकूर वर्तमानपत्रांतून छापून आला. अमेरिकी आरमाराचा एक ताफा, अणुशक्तीवर चालणाऱ्या ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू नौकेसह, बंगालच्या उपसागराकडे निघाला आहे, आणि वॉशिंग्टनच्या बंद खोल्यांत भारताविरुद्ध काय काय बोललं जातंय, हे त्यानं सरळ गोपनीय कागदांच्या आधारे लिहिलं होतं.

सातव्या आरमाराची ही गोष्ट आपल्याकडच्या त्या पिढीला पाठ आहे. पण त्या बातमीमुळे व्हाइट हाउसमध्ये काय उलथापालथ झाली, ते आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. आज मी त्याबद्दल बोलणार आहे. राष्ट्राध्यक्षांच्या अगदी जवळची माणसं कोण होती, कुठून आली होती, आणि खबर फुटल्यावर ती एकमेकांकडे कशी बघू लागली, त्याबद्दल.

आधी माणसं बघू. राष्ट्राध्यक्ष होते रिचर्ड निक्सन. त्यांच्या दारावरचा पहारेकरी म्हणजे एच. आर. हाल्डमन, व्हाइट हाउसच्या कर्मचाऱ्यांचे प्रमुख. हा गृहस्थ राजकारणी नव्हे. जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीत वीसेक वर्षं काढलेला, बारीक केस कापलेला, शिस्तीचा माणूस. निक्सन यांना कुणी भेटायचं आणि कुणी नाही, हे तो ठरवायचा. दुसरे जॉन अर्लिकमन, देशांतर्गत कारभाराचे सल्लागार. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर नॅव्हिगेटर होते, नंतर सिएटलमध्ये जमीनजुमल्याच्या नियमांचे खटले चालवणारे वकील. तिसरे जॉन मिचेल, देशाचे ॲटर्नी जनरल. तेही मूळचे नगरपालिकांच्या कर्जरोख्यांचे वकील, न्यू यॉर्कच्या पेढीतले निक्सन यांचे भागीदार. परराष्ट्र धोरणाशी या तिघांचा पूर्वी काडीचाही संबंध नव्हता.

तो संबंध होता राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांचा. १९२३ मध्ये जर्मनीतल्या फ्यूर्त गावी ज्यू कुटुंबात जन्म, १९३८ मध्ये हिटलरच्या छळातून सुटून अमेरिकेत आश्रय, मग अमेरिकी सैन्याच्या हेरखात्यात नोकरी आणि पुढे हार्वर्डची प्राध्यापकी. शिवाय त्यांनी सल्लागार म्हणून काम केलं होतं ते नेल्सन रॉकफेलर यांच्याकडे, म्हणजे निक्सन यांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्ध्याकडे. किसिंजर यांचे उजवे हात अलेक्झांडर हेग, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून निघालेले, व्हिएतनाममध्ये शौर्यपदक मिळवलेले लष्करी अधिकारी. राष्ट्राध्यक्षांच्या एका हाकेवर धावणाऱ्या या पाच-सहा जणांत बहुतेकांचं पूर्वायुष्य एकमेकांशी जुळत नव्हतं. जाहिरातवाल्याला प्राध्यापकाचा भरवसा नव्हता, प्राध्यापकाला वकिलांचा नव्हता, आणि निक्सन यांना बहुतेक कुणाचाच नव्हता.

याची चुणूक १९६९ मध्येच दिसली होती. कंबोडियावर अमेरिका गुपचूप बॉम्ब टाकतेय ही बातमी त्या मे महिन्यात न्यू यॉर्क टाइम्समध्ये आली. लगेच माणसांच्या टेलिफोनवर कान लावले गेले. पुढच्या दोन वर्षांत एकूण सतरा जणांचे फोन ऐकले गेले, त्यांत तेरा सरकारी अधिकारी आणि चार पत्रकार. किसिंजर यांच्याच कचेरीतल्या मॉर्टन हाल्परिन यांचा फोन तर एकवीस महिने ऐकला जात होता. मग १९७१ च्या जूनमध्ये व्हिएतनाम युद्धाचे गोपनीय कागद छापून आले आणि खबरींची गळती बंद करायला एक खास तुकडीच उभी राहिली. गळती थांबवणारे म्हणून ते स्वतःला प्लंबर म्हणवून घेत. त्या तुकडीचे एक प्रमुख डेव्हिड यंग, पूर्वी किसिंजर यांच्याच हाताखाली काम केलेले, तर दुसरे एगिल क्रोग, अर्लिकमन यांच्या सिएटलच्या पेढीतून आलेले तरुण वकील.

आता डिसेंबरकडे परत येतो. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटलं. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये बंद दाराआड बैठक झाली. आपण भारताशी पुरेसे कडक वागत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष दर अर्ध्या तासाला माझी खरडपट्टी काढताहेत, त्यांना पाकिस्तानच्या बाजूनं झुकायचं आहे, असं किसिंजर तिथे बोलले. आणि ७ डिसेंबरला त्याच किसिंजर यांनी पत्रकारांना सांगितलं की हे सरकार भारतविरोधी आहे हा आरोप साफ चुकीचा आहे. अँडरसनच्या हाती आले ते त्या बंद बैठकांचे इतिवृत्त. दिल्लीतले अमेरिकी राजदूत केनेथ कीटिंग यांची तारही त्याला मिळाली. कीटिंग निक्सन यांच्याच पक्षाचे, न्यू यॉर्कचे माजी सिनेटर. सरकार पत्रकारांना जे सांगतंय ते मला माहीत असलेल्या वस्तुस्थितीशी जुळत नाही, असा त्या तारेचा मथितार्थ होता. या कागदांसाठी अँडरसनला १९७२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

तो स्तंभ वाचून सर्वांत आधी दचकले ॲडमिरल रॉबर्ट वेलँडर. तिन्ही सेनादलांच्या प्रमुखांची समिती आणि किसिंजर यांची कचेरी यांच्यातला दुवा म्हणून ते काम बघायचे. छापून आलेले कागद आपल्याच टेबलावरून गेलेले आहेत हे त्यांना ओळखू आलं. आणि त्या टेबलाशी टंकलेखन करायला, फाइली न्यायला-आणायला एकच माणूस होता, चार्ल्स रॅडफर्ड, वय वर्षं सत्तावीस, नौदलातला कारकून.

संशय घ्यायला काय काय होतं बघा. रॅडफर्डची याआधीची नेमणूक दिल्लीच्या अमेरिकी दूतावासात होती. भारताबद्दल त्याला आपुलकी होती. तो मॉर्मन पंथाचा, अँडरसनही मॉर्मन. अँडरसनचे आईवडील दिल्लीत आले असताना रॅडफर्ड दांपत्याशी त्यांची ओळख झाली होती. आणि कहर म्हणजे हा स्तंभ छापून येण्याच्या थोडंसं आधी रॅडफर्ड नवराबायको अँडरसन पतिपत्नीबरोबर वॉशिंग्टनच्या एका चिनी हॉटेलात जेवले होते. धर्म, नेमणूक, स्नेह, पंगत, सगळी बोटं एकाच माणसाकडे.

लाय डिटेक्टर लावून चौकशी झाली. अँडरसनला कागद दिले का, यावर रॅडफर्डचं उत्तर होतं, नाही. ते त्यानं शेवटपर्यंत बदललं नाही. पण दुसऱ्या एका प्रश्नावर तो कोलमडला. कागद कधी चोरलेत का? हो, चोरलेत. गेले तेरा महिने चोरतोय. जाळून टाकण्यासाठी पिशवीत भरलेले कागद काढून घेतलेत, मसुदे, कार्बन, हाताला लागेल ते. जुलैमध्ये किसिंजर आशियाच्या दौऱ्यावर आले, दिल्लीहून इस्लामाबादला गेले, पोट बिघडल्याचं सोंग करून गुपचूप पेकिंगला जाऊन आले, त्या दौऱ्यात सोबत रॅडफर्डही होता, आणि किसिंजर यांच्या बॅगेतल्या कागदांनाही त्यानं हात घातला होता. हे सगळं तो देत होता वेलँडरना, आणि तिथून ते जात होतं सेनादलप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष ॲडमिरल थॉमस मूरर यांच्याकडे.

श्रोतेहो, वर्तमानपत्राला खबर कुणी दिली हे शोधायला निघाले होते, आणि हाती लागलं ते हे, की देशाचे सेनाप्रमुख आपल्याच राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत हेरगिरी करत होते. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

पण कुंपणानं शेत का खाल्लं, तेही सांगायला हवं. निक्सन आणि किसिंजर यांनी चीनशी चाललेली बोलणी परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांच्यापासून लपवली होती, संरक्षणमंत्री मेल्विन लेर्ड यांना वगळून निर्णय होत होते. पाकिस्तानच्या याह्याखानांना पाठीशी घालण्याचं एक मोठं कारणही हेच होतं, चीनचं दार त्यांच्यामार्फत उघडलं जात होतं. ज्यांच्या सैनिकांना लढायला धाडायचं त्या सेनाप्रमुखांनाच आपलं सरकार काय ठरवतंय हे कळत नव्हतं. मी चोरीचं समर्थन करत नाही. नागरी सत्तेवर सैन्यानं पाळत ठेवणं ही लोकशाहीत भयंकर गोष्ट आहे, आणि आपल्याकडे असं काही घडलं असतं तर आपण झोपू शकलो नसतो. पण जिथे मंत्रिमंडळालाच अंधारात ठेवलं जातं तिथे कारकुनाच्या हातून कागद पळवले जातात, हे या प्रकरणात उघड्यावर आलं.

२१ डिसेंबरच्या संध्याकाळी निक्सन यांच्यासमोर हे सगळं मांडलं गेलं. खोलीत होते मिचेल, हाल्डमन आणि अर्लिकमन. त्या खोलीत फेब्रुवारीपासून ध्वनिमुद्रण यंत्रणा बसवलेली होती, म्हणून हे संभाषण आज आपल्याला ऐकता येतं. हा अतिशय गंभीर गुन्हा आहे, असं निक्सन म्हणाले. आणि मग ठरवलं की काही करायचं नाही. मूररना जाब विचारला तर सगळं चव्हाट्यावर येईल, सेनादलांची बेअब्रू होईल, आणि आपण काय काय लपवलंय तेही लोकांना कळेल. पुढच्या वर्षी मूररना अध्यक्षपदाची दुसरी मुदत मिळाली. वेलँडरना समुद्रावर धाडलं. रॅडफर्डला ओरेगॉन राज्यात बदली देऊन त्याच्या फोनवर पाळत ठेवली, त्यातून काही निष्पन्न झालं नाही. प्रकरण बाहेर आलं ते १९७४ च्या जानेवारीत.

याच काळात निक्सन यांचा संशय किती खालच्या थराला गेला होता त्याचा एक दाखला द्यायलाच हवा. १९७१ च्या उन्हाळ्यात बेरोजगारीचे आकडे आपल्याला अडचणीत आणणाऱ्या पद्धतीनं मांडले जाताहेत असं त्यांना वाटलं. तर कामगार सांख्यिकी विभागातल्या वरिष्ठांत ज्यू किती आहेत ते मोजा, असा हुकूम निघाला. व्हाइट हाउसमधल्या फ्रेड मॅलेक या अधिकाऱ्यानं आडनावं बघून बघून यादी केली. आकडे बरोबर आहेत की चूक हे कुणी तपासलं नाही, आकडेमोड करणाऱ्यांचा वंश तपासला. आपल्याला तर हे फारच लवकर समजेल. कचेरीत काही बिनसलं की आधी आडनाव विचारायचं, मग गाव, मग कुणाच्या वशिल्यानं आला, ही चौकशीची रीत आपल्याकडेही घट्ट बसलेली आहे, आणि तिच्यापायी भल्या माणसांच्या नोकऱ्या नासल्या आहेत.

या प्रकरणाचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. इंदिरा गांधी पश्चिम पाकिस्तानवरही मोठा हल्ला करणार आहेत, असं दिल्लीतल्या गोटातून कळलंय, हे डिसेंबरमध्ये निक्सन-किसिंजर वारंवार सांगत होते. म्हणजे दिल्लीतही कुणी फुटलेला होता का? १९८३ मध्ये सेमूर हर्श या शोधपत्रकारानं नाव घेतलं, मोरारजी देसाई. मोरारजीभाई तर १९६९ मध्येच इंदिराजींच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. त्यांनी शिकागोच्या न्यायालयात पाच कोटी डॉलरचा दावा लावला. १९८९ मध्ये किसिंजर यांनी साक्ष दिली, मोरारजी खबरे होते असं आपल्याला माहीत नाही, असं ते शपथेवर म्हणाले. तरीही ज्यूरीनं निकाल हर्श यांच्या बाजूनं दिला. अमेरिकी कायद्यात सार्वजनिक जीवनातल्या माणसाला, मजकूर जाणूनबुजून खोटा किंवा बेपर्वाईनं लिहिला, हे सिद्ध करावं लागतं. ते झालं नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ. आरोप खरा ठरला असा मुळीच नाही.

मोरारजीभाईंवर महाराष्ट्राचा राग आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबार झाला तेव्हा मुख्यमंत्री ते होते, आणि हुतात्मा चौकात उभं राहिलं की ते आठवतंच. म्हणूनच हर्शचा आरोप आला तेव्हा पुष्कळांना तो पटकन खरा वाटला. पण गोळीबाराचा जाब वेगळा आणि हेरगिरीचा पुरावा वेगळा. पहिल्याबद्दल त्यांना माफ करू नका, हवं तर. दुसऱ्याचा पुरावा कुणी आजवर दाखवलेला नाही, आणि त्र्याण्णव वर्षांच्या माणसाला तो डाग घेऊन जगावं लागलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि व्हाइट हाउसमधल्या त्या संध्याकाळचं काय झालं? तिथे बसलेले मिचेल, हाल्डमन, अर्लिकमन, तिघेही पुढे वॉटरगेटपायी तुरुंगात गेले. प्लंबर तुकडीचे क्रोग यांनाही, व्हिएतनामचे ते गोपनीय कागद फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाची कचेरी फोडल्याबद्दल, तुरुंगवास झाला. निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ ला पद सोडलं. रॅडफर्डवर खटला कधी भरलाच गेला नाही, आणि अँडरसनला ते कागद नेमके कुणी दिले हे आजही सिद्ध झालेलं नाही.

त्या डिसेंबरमधल्या बैठकांची इतिवृत्तं अमेरिकी परराष्ट्र खात्यानं २००५ मध्ये स्वतःच छापली, आणि ती इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. आपल्या संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागानं लिहिलेला याच युद्धाचा इतिहास मात्र वर्षानुवर्षं कपाटात पडून होता, आणि लोकांसमोर पहिल्यांदा आला तो एका वर्तमानपत्राच्या हाती लागला म्हणून. इतिहास शिकणारी मुलंमुली हे भाषण ऐकत असतील तर त्यांना माझी विनंती आहे. ती इतिवृत्तं वाचा, आणि दिल्लीतल्या अभिलेखागाराकडे १९७१ चे आपले कागद मागायला अर्ज करा. एकदा नाकारला तर पुन्हा करा.

नमस्कार.